‘भूमिगत पाण्याचे कार्य’ : एका प्रकरणाची चिकित्सा (भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रास्ताविक

पदवी स्तरावरील प्राकृतिक भूगोलाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत नदी, हिमनदी, वारा आणि सागरी लाटा यांच्या कार्यांबरोबर ‘भूमिगत पाण्याचे कार्य’ हे प्रकरण हमखास आढळते. लेखक बदलतात, प्रकाशक बदलतात, वार्षिक पद्धत जाऊन सत्र पद्धत येते. या प्रकरणाची घडण मात्र सहसा बदलत नाही. आरंभी भूजलाची व्याख्या, पारगम्य व अपारगम्य खडक, झरे आणि आर्टेशियन विहीर यांचे दीड-दोन पानांत विवेचन होते. त्यानंतर विद्यार्थी एकदा चुनखडीच्या प्रदेशात शिरला की प्रकरण संपेपर्यंत तेथून बाहेर येत नाही. लॅपीज, विलयविवर, डोलाइन, युवाला, पोल्जे, अंध दरी, गुहा, अधोमुखी व ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ अशी भूरूपांची मालिका येते. उदाहरणे बहुधा ‘युगोस्लाव्हिया’तील. तो देश इतिहासजमा झाल्यानंतरही आपल्या पुस्तकांत बरीच वर्षे सुखाने नांदत होता. भारतीय उदाहरण द्यायचे झाल्यास आंध्रातील बोरा गुहा, बस्तरमधील कुटुमसर किंवा मेघालयातील मॉसमाई.

प्रस्तुत लेखात या प्रकरणाची चिकित्सा करावयाची आहे आणि ती भंडारा जिल्ह्याच्या भूमीवरून करावयाची आहे. कार्स्ट शिकवू नये असे येथे सुचवायचे नाही. आपण कार्स्टचे आकार शिकवतो, त्यातून वाहणारे पाणी शिकवत नाही. आणि त्याच आकारांना ‘भूजल’ या व्यापक नावाखाली सादर करतो, ही खरी अडचण आहे. त्यामुळे एखाद्या विशिष्ट खडकाचे चित्र सर्व खडकांचे चित्र बनते. ज्या जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात आणि ज्यांच्या घरी विहीर किंवा बोअर खोदण्याचा निर्णय कधी ना कधी घेतला जातो, तेथे ही केवळ परीक्षेपुरती बाब राहत नाही.

किनाऱ्यावरून आलेला नमुना

कार्स्ट ही संज्ञा त्रिएस्ते बंदराच्या पाठीशी, स्लोव्हेनिया व इटली यांच्या सीमेवर पसरलेल्या ‘क्रास’ या पठाराच्या नावावरून आलेली आहे. सर्बियन भूगोलज्ञ योवान त्स्विइच यांनी व्हिएन्ना येथे आल्ब्रेख्त पेंक यांच्या मार्गदर्शनाखाली केलेला कार्स्टविषयक प्रबंध १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि डोलाइन, पोल्जे यांसारखे त्या प्रदेशातील शब्द शास्त्रीय परिभाषेत स्थिरावले. म्हणजे आपण ज्याला भूजलाचे सर्वसाधारण कार्य म्हणतो, त्याचा मूळ नमुना एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील चुनखडीचा डोंगराळ प्रदेश हा आहे. मॉन्टेनेग्रोच्या किनारी पर्वतातील त्स्र्क्वित्से येथे वर्षाला सरासरी ४,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही आसपासच्या डोंगरांवर बारमाही ओढा शोधावा लागतो. पडलेले पाणी चुनखडकाच्या भेगांतून खाली जाते आणि समुद्रसपाटीच्या आसपास, पुष्कळदा थेट समुद्राच्या तळाशी, गोड्या झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते.

हे पाणी वाहते कसे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच वादाचा विषय झाला होता. आल्फ्रेड ग्रुंड यांनी १९०३ मध्ये असे मांडले की कार्स्टमध्येही इतर खडकांप्रमाणे एक सलग भूजलपातळी असते. फ्रीड्रिख काट्झर यांनी १९०९ मध्ये त्यास विरोध केला. त्यांच्या मते येथे सलग पातळी असे काही नसून परस्परांपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र अशा वाहिन्या असतात आणि शेजारच्या दोन वाहिन्यांतील पाणी वेगवेगळ्या उंचीवर असू शकते. आज दोघांच्याही म्हणण्यात तथ्य मानले जाते : बारीक भेगांत पाणी साठते, रुंद वाहिन्यांतून ते धावते. श्कोत्सियानच्या गुहांत लुप्त होणारी रेका नदी सुमारे चाळीस किलोमीटरांवर इटलीच्या किनाऱ्यालगत तिमावो या नावाने प्रकट होते, हे या धावत्या पाण्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

त्याहून विस्मयकारक उदाहरण ग्रीसमधील केफालोनिया बेटाचे आहे. या बेटाच्या पश्चिमेस आर्गोस्तोली येथे समुद्राचेच पाणी किनाऱ्यावरील विवरांतून जमिनीत शिरते. या ओघावर एकोणिसाव्या शतकात गिरण्या चालवल्या गेल्या. हे पाणी जाते कुठे, याचा उलगडा १९६३ मध्ये ऑस्ट्रियन संशोधकांनी त्यात रंगद्रव्य सोडले तेव्हा झाला. सुमारे दोन आठवड्यांनी तो रंग बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सामी गावाजवळच्या मचूळ झऱ्यांत दिसला. दिवसाला साधारण एक किलोमीटर असा हा वेग पडतो. वाळूच्या थरातून किंवा मुरमातून झिरपणारे पाणी तेवढ्या वेळात काही सेंटिमीटर, फार तर काही मीटर सरकते. हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी मांडलेला नियम अशा वाहिन्यांना लागू पडत नाही, कारण तेथील प्रवाह संथ राहत नाही, तो नदीसारखा खळाळता होतो.

किनाऱ्यावर आणखी एक गुंता निर्माण होतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते त्यावर तरंगते. बादोन खायबेन (१८८८) व हेर्झबेर्ग (१९०१) यांनी दाखविल्याप्रमाणे समुद्रसपाटीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी सापडते. याचा व्यावहारिक अर्थ असा की उपशाने ती पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने वीस मीटर वर सरकू शकते. चुनखडीत तर गोडे व खारे पाणी जेथे मिसळते तेथे खडक विरघळण्याची क्रिया अधिकच वाढते. एरवी चुना विरघळवण्याची क्षमता संपलेली दोन पाणी एकत्र आली की मिश्रणात ती क्षमता पुन्हा उत्पन्न होते. मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर या क्रियेचा विशेष अभ्यास झालेला आहे.

भारतीय वाचकासाठी याचे जवळचे उदाहरण सौराष्ट्राचे. पोरबंदरपासून वेरावळ-कोडिनारपर्यंतच्या किनारपट्टीत मिलिओलाइट व अन्य चुनखडक आहेत. पोरबंदरी दगड म्हणून मुंबईच्या जुन्या इमारतींत वापरला गेलेला दगड तो हाच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पट्ट्यात पंपांनी उपसा वाढला आणि समुद्राचे पाणी जमिनीखालून आत सरकू लागले, विहिरी खारावल्या. गुजरात शासनाला १९७६ व १९७८ मध्ये त्यासाठी उच्चस्तरीय समित्या नेमाव्या लागल्या आणि पुढे नद्यांच्या मुखांशी बंधारे, भरतीचे पाणी अडवणारी दारे व पुनर्भरणाची कामे हाती घेण्यात आली. आपल्या पुस्तकांत सौराष्ट्र या प्रकरणात येत नाही; ते आले तर भुईमुगाच्या पिकात येते.

उपरोक्त विवेचनापैकी विद्यार्थ्यापर्यंत काय पोहोचते? गुहेची आकृती पोहोचते. वरून लोंबणारा स्तंभ कोणता व खालून वाढणारा कोणता, हे पाठ होते. प्रवाहाचा वेग, साठ्याचे प्रमाण, उपशाचा परिणाम, खाऱ्या-गोड्या पाण्याची सीमा यांचा मागमूस नसतो. याचे कारण ‘कार्य’ या शब्दात दडलेले आहे. विल्यम मॉरिस डेव्हिस यांच्या परंपरेत भूपृष्ठाला आकार देणारे कारक म्हणून नदी, हिम, वारा यांच्याकडे पाहिले गेले आणि भूजलालाही त्याच रांगेत बसवण्यात आले. ज्याने दृश्य आकार घडवला, त्यानेच कार्य केले, असा हा दंडक आहे. भूजल जेथे दिसण्याजोगे काहीच घडवत नाही, तेथे ते या प्रकरणाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

पायाखालचा खडक

भंडारा जिल्हा नेमका असाच प्रदेश आहे. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यानंतर उरलेल्या सात तालुक्यांच्या या जिल्ह्यात बहुतांश भूभाग अतिप्राचीन रूपांतरित खडकांचा आहे. उत्तरेस तुमसर भागात सौसर शैलसमूह आहे. डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मॅंगनीजच्या खाणी त्यातच आहेत. मध्य व दक्षिण भागांत फिलाइट, शिस्ट यांसारख्या खडकांचा साकोली शैलसमूह आणि पट्टेदार नाइस आढळतो. वैनगंगेच्या काठाने गाळाचा पट्टा आहे. भारतीय भूविज्ञानात एका शैलसमूहाला ज्या गावाचे नाव मिळाले, त्या साकोलीचा भूगोलाचा विद्यार्थी ‘पोल्जे’ची व्याख्या बिनचूक लिहितो आणि ‘साकोली शैलसमूह’ हे शब्द त्याने ऐकलेले नसतात, ही स्थिती शिक्षक म्हणून मला अस्वस्थ करते. यात विद्यार्थ्याचा दोष नाही.

अशा खडकात पाणी कोठे असते? मूळ खडकात, अखंड अवस्थेत, जवळजवळ नसतेच. ते असते वरच्या झिजलेल्या थरात, ज्याला आपण मुरूम म्हणतो, आणि त्याखालच्या कठीण खडकातील भेगांत. साधी विहीर मुरमातून उतरते व कठीण खडक लागला की थांबते. बोअर त्याखालच्या भेगांचा शोध घेते. साठा मुरमात, वाट भेगेत, अशी ही व्यवस्था आहे. भेग पाणी देते खरी, परंतु ते पाणी तिचे स्वतःचे नसते. वरच्या मुरमात जे मुरले तेच ती आणून देते. मुरूम कोरडा झाला की दोनशे फूट खोल बोअरही उन्हाळ्यात गुळण्या टाकू लागते आणि मग शेतकरी आणखी शंभर फुटांचा विचार करतो. खाली कोठेतरी मोठा प्रवाह आहे, आपण त्याच्यापर्यंत पोहोचलो नाही एवढेच, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत पाठ्यपुस्तकातून आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; ती लोकमानसात पूर्वीपासूनच आहे. परंतु आपले प्रकरण तिला छेद देत नाही, उलट भूमिगत नद्यांची चित्रे दाखवून तिला पदवीची मान्यता देते. ‘आपल्या विहिरीत पाणी कोठून येते?’ असा साधा प्रश्न वर्गात विचारला असता, ‘जमिनीखालच्या गुहेतून’ हे उत्तर मला एकाहून अधिक वेळा मिळालेले आहे.

आकड्यांची भाषा येथे उपयोगी पडते. भूजल संसाधनांच्या अंदाजासाठी १९९७ मध्ये निश्चित झालेल्या राष्ट्रीय निकषांत, पाणीपातळी उतरल्यावर खडकाच्या एकूण आकारमानाच्या शेकडा किती पाणी प्रत्यक्ष सुटते, याची प्रमाणे दिलेली आहेत. कार्स्ट चुनखडीसाठी ते ८ टक्के आहे, साध्या चुनखडीसाठी २ टक्के. चिकणमाती कमी असलेल्या झिजलेल्या नाइस किंवा शिस्टसाठी ३ टक्के, चिकणमाती जास्त असल्यास १.५ टक्का, फिलाइटसाठीही १.५ टक्काच. न झिजलेल्या, कमी भेगांच्या खडकासाठी अवघे ०.३ टक्का. आता एक हेक्टर क्षेत्राखालील पातळी एक मीटरने उतरली असे मानू. कार्स्टमध्ये ८०० घनमीटर पाणी मिळेल. साकोलीच्या फिलाइटमध्ये १५० घनमीटर. उन्हाळी धानाला एका हेक्टरवर केवळ एक मीटर उंचीचे, म्हणजे १०,००० घनमीटर पाणी लागते असे धरले, तर त्या एका हेक्टरसाठी सुमारे ६७ हेक्टर जमिनीखालील पातळी एक मीटरने खाली जाईल. वापरलेल्या पाण्यापैकी काही परत मुरते, हे खरे. तरी प्रमाणाचा अंदाज यावा. ही त्रैराशिके प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज जमतील अशी आहेत. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध का आहेत, हे समजण्यास यापेक्षा अधिक गणित लागत नाही.

येथे एका गोष्टीची नोंद करणे अगत्याचे आहे. जिल्ह्यात चुनखडीच्या कुळातील खडक अजिबात नाहीत असे नाही. सौसर शैलसमूहात संगमरवर व डोलोमाइटी संगमरवराचे पट्टे आहेत. रासायनिकदृष्ट्या हे विरघळू शकणारेच खडक. मग तुमसर भागात ‘क्रास’ का घडले नाही? हे पट्टे अरुंद आहेत, न विरघळणाऱ्या खडकांच्या मध्ये अडकलेले आहेत आणि पाण्याला खोलवर वेगाने उतरण्यास लागणारा उंचीतील फरक या सपाट प्रदेशात नाही. केवळ खडकाचे नाव पुरेसे नसते, हे या एका प्रश्नातून जितके स्पष्ट होते तितके दहा लवणस्तंभांच्या आकृत्यांतून होत नाही. यवतमाळमधील वणी आणि चंद्रपूरमधील राजुरा-कोरपना परिसरात तर खरी चुनखडी आहे. आपल्या विद्यार्थ्यांना ती सिमेंटच्या कारखान्यांमुळे ठाऊक असते, पाण्यामुळे नव्हे.

शिवाय ‘कार्य’ हाच शब्द प्रमाण मानायचा, तर भंडाऱ्यातही भूजलाने प्रचंड कार्य केलेले आहे. नाइसमधील फेल्डस्पारचे माती-खनिजांत रूपांतर करून, अभ्रकाचे पापुद्रे सुटे करून, कठीण खडकाचा मुरूम बनवणारे मुख्य साधन पाणीच होय. ज्या थरात आज आपले पाणी साठते, तो थर पाण्यानेच लाखो वर्षांत तयार केला. हे कार्य गुहेसारखे चित्राकर्षक नाही. ते विहिरीच्या भिंतीवर मात्र वरपासून खालपर्यंत वाचता येते.

तळे कोठे टिकते

स्लोव्हेनियातील त्सेर्कनित्सा हे तळे कार्स्टच्या अभ्यासकांत विख्यात आहे. पावसाळी ऋतूत पोल्जेच्या तळावर ते कित्येक चौरस किलोमीटर पसरते आणि कोरड्या दिवसांत तळाच्या विवरांतून नाहीसे होते. जेथे मासेमारी झाली तेथेच गवत कापले जाते. त्या भूमीत पाणी भूपृष्ठावर धरून ठेवणे हे अवघड काम आहे. भंडाऱ्यात परिस्थिती अगदी उलटी. १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. खाली कमी साठवणारा खडक. वर चिकणमातीचा, पाणी धरणारा थर. अशा भूमीत शहाणपणा पाणी वरच अडवण्यात आहे. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि शेताशेतांतल्या बोड्या म्हणजे या भूविज्ञानाचे लोकांनी काढलेले उत्तर होय. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव शासनाकडे आले (भंडारा तेव्हा त्या राज्यात होता). ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी ‘मामा तलाव’ केले. गाळ, पाळीवरची व काठावरची बेशरमची झुडपे आणि अतिक्रमण यांनी त्यांची धारणक्षमता घटली, ही व्यथा आपण सारेच ऐकत आलो आहोत.

परंतु अभ्यासक्रमात हे तलाव ‘सिंचन’ या आर्थिक भूगोलाच्या घटकात जातात आणि भूजल प्राकृतिक भूगोलात राहते. तलावाखालच्या बांधीतील विहिरीला मार्चपर्यंत पाणी का टिकते, या प्रश्नाला कोणत्याच पेपरात जागा नाही. तलावातून पाझरणारे पाणी मुरमात उतरते, उताराच्या दिशेने संथ सरकते आणि वाटेतल्या विहिरींना पोसते. भंडाऱ्यातील भूजलप्रवाहाचा याहून सुबोध पाठ दुसरा नाही. हीच संथगती प्रदूषणाच्या बाबतीत घातक ठरते. कार्स्टमध्ये घाण झपाट्याने पसरते आणि पुढच्या पुरात बरीचशी वाहूनही जाते. मुरमात शिरलेली घाण लवकर निघत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग व कन्हान नद्यांतून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात येते, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. जलाशयाच्या काठच्या गावांतील विहिरींविषयी विद्यार्थ्याने काही विचार करावा असे वाटत असेल, तर त्याला या दोन वेगांतील भेद कळायला हवा.

परिभाषेविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. भूमिगत पाणी, भूजल, अधोजल या तीन संज्ञा एकाच पुस्तकात अदलाबदलीने येतात. विलयविवराला हिंदी टिपणांवरून आलेले ‘घोलरंध्र’ही नागपूर परिसरात सर्रास लिहिले जाते. याउलट विहीर खोदणाऱ्यांची भाषा कितीतरी नेमकी आहे. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, शीर, झरा या शब्दांत थरांचा आणि वाटांचा भेद आहे. पाणाड्या जिला ‘शीर’ म्हणतो, ती कल्पना कठीण खडकातील भेगेला बरीच जवळची आहे. तो हातातील काटकीने जे दाखवतो त्यावर मात्र विश्वास ठेवण्याचे कारण नाही. त्याची चूक शीर मानण्यात नसून शीर स्वतःच अक्षय असते असे मानण्यात आहे. हा भेद शिक्षकाने सांगितला, तर गावातील ज्ञानाची हेटाळणी न करता ते दुरुस्त करता येते.

यावर एक आक्षेप संभवतो. कार्स्टची भूरूपे आकृतीसह विचारता येतात, मूल्यमापन सोपे होते, आणि स्पर्धा परीक्षांतही तेच प्रश्न येतात. स्थानिक भूजल शिकवायला साहित्य कोठे आहे? आक्षेपाचा पहिला भाग मान्य आहे. दुसऱ्याबाबत असे की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते, आणि केंद्रीय भूमिजल मंडळाने जिल्हावार अहवाल प्रसिद्ध केलेले आहेत. त्यांचे मराठीकरण हे महाविद्यालयीन अध्यापकांचे काम आहे, इतर कोणी ते करणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या निमित्ताने अभ्यासक्रमांची फेररचना झाली, क्षेत्रकार्याला श्रेयांक मिळाले. त्या श्रेयांकांत पचमढीची सहल बसवणे सोपे असते. महाविद्यालयाच्या पाच किलोमीटर परिघातील वीस विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर दोरी-फुटपट्टीने मोजून समपातळी रेषांचा नकाशा काढला, तर पाणी कोणत्या दिशेने सरकते हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने काढलेल्या रेषांत दिसेल. प्रकरणात गुहेच्या आकृतीशेजारी साकोली किंवा लाखनी तालुक्यातील एका विहिरीचा उभा छेद द्यावा : वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, तळाशी अखंड पाषाण, बाजूला तलावाची पाळ आणि ऑक्टोबर व मे महिन्यांतील पाण्याच्या दोन रेषा.